बाँडवरचा प्लॉट, सामाईक सातबारा: विसार देण्याआधी मालकी कशी तपासायची

पुणे, नाशिक, सोलापूर, छत्रपती संभाजीनगर, कुठल्याही शहराच्या कडेला गेलं की फ्लेक्स दिसतात: 'गुंठ्यात प्लॉट, तात्काळ ताबा'. भाव आजूबाजूपेक्षा बराच कमी असतो. का कमी, असं विचारलं तर एजंट सांगतो, मालकाला पैशांची नड आहे. बहुतेक वेळा नड कागदांची असते. चोख कागदांची जमीन स्वस्तात द्यायची गरज सहसा कुणाला पडत नाही.

पुढचं सगळं मुख्यतः महाराष्ट्रातल्या शहरालगतच्या आणि गावाकडच्या जमिनीबद्दल आहे. फ्लॅट आणि गावठाणातल्या घरांबद्दल शेवटी थोडक्यात लिहिलं आहे. क्रम महत्त्वाचा आहे, कारण यातली बरीचशी तपासणी विसार देण्याआधी, अगदी थोड्या पैशांत होते. विसार दिल्यावर माणूस कागद वाचत नाही, कागदांची समजूत काढत बसतो.

आधी हे ओळखा: तुम्हाला काय दाखवलं जातंय

सर्वांत जास्त दाखवला जातो तो नोटरी केलेला बाँड. पूर्वी शंभराचा असायचा, आता पाचशेचा. त्यावर 'कायम खूश खरेदी' असं ठसठशीत लिहिलेलं असलं तरी त्याने जमीन तुमची होत नाही. नोंदणी अधिनियम 1908 च्या कलम 17 प्रमाणे शंभर रुपये किंवा त्याहून जास्त किमतीच्या स्थावर मिळकतीचं हस्तांतर दुय्यम निबंधकाकडे नोंदवावंच लागतं. नोटरी फक्त इतकंच सांगतो की सही करणारा माणूस समोर आला आणि त्याने सही केली. जमीन त्याची आहे का, हे तो बघत नाही.

साठेखताचंही असंच. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम 1882 च्या कलम 54 मध्ये स्पष्ट लिहिलं आहे की विक्रीच्या करारातून मिळकतीत कसलाही हक्क निर्माण होत नाही. साठेखत म्हणजे पुढे खरेदीखत करून देण्याचं वचन. साठेखत, कुलमुखत्यारपत्र आणि मृत्युपत्र असा तीन कागदांचा संच करून 'विक्री' करायची पद्धत होती. 2011 मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अशा संचाने मालकी मिळत नाही. तरी ती पद्धत अजून चालूच आहे.

घरपट्टीची पावती, ग्रामपंचायतीचा नमुना 8, लाइट बिल, नळजोडणी यांवरून जागा कोण वापरतं आणि कर कोण भरतं एवढंच कळतं. अतिक्रमणातल्या घरालाही घरपट्टी लागते.

आता सातबारा. सातबारा ही महसुली नोंद आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता 1966 च्या कलम 157 नुसार ती उलट सिद्ध होईपर्यंत खरी धरली जाते. 'उलट सिद्ध होईपर्यंत' या शब्दांवरच दिवाणी न्यायालयांतली निम्मी भांडणं उभी असतात. आज नाव कुणाचं लागलं आहे ते सातबारा दाखवतो. ते नाव तिथे कसं आलं, हे शोधणं म्हणजे मालकी तपासणं.

नोंदणीकृत खरेदीखतावर तरी डोळे मिटून विश्वास ठेवावा का? तोही ठेवू नये. विकणाऱ्याकडे जेवढा हक्क असेल तेवढाच खरेदीखताने तुमच्याकडे येतो. दुय्यम निबंधक मुद्रांक, ओळख, सह्या बघतो. मालकीचा निवाडा करणं त्याचं काम नाही.

पायरी 1: सातबारा स्वतः काढा आणि सगळा वाचा

एजंटने व्हॉट्सअॅपवर पाठवलेला फोटो बाजूला ठेवा. महाभूलेखवर मोफत दिसतो तो केवळ माहितीसाठी असतो. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा 15 रुपयांत मिळतो, तो घ्या. सोबत 8अ काढा, म्हणजे त्या खातेदाराची गावातली एकूण जमीन कळते.

वाचताना पुढच्या गोष्टींवर थांबा.

नावाखालचं क्षेत्र. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असतं. एक आर म्हणजे 100 चौरस मीटर, म्हणजे गुंठ्याच्या अगदी जवळपास (गुंठा 1089 चौरस फुटांचा). चाळीस गुंठ्यांचा एकर. विकणाऱ्याच्या नावावर 6 आर आणि तो तुम्हाला 10 गुंठे विकतोय, असं आढळलं की पुढची चौकशी करायचं कारण नाही.

भूधारणा पद्धत. 'भोगवटादार वर्ग 1' असेल तर साधारणपणे विक्रीला आडकाठी नसते. 'वर्ग 2' असेल तर सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय हस्तांतर करता येत नाही.

'इतर हक्क' हा रकाना लोक सोडून देतात, आणि खरी गंमत तिथेच असते. सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा, कुळाचं नाव, विहिरीतला हिस्सा, पुनर्वसन किंवा भूसंपादनाचा शेरा, न्यायालयाचा मनाई हुकूम, सगळं इथे येतं. बहिणींची नावंही पुष्कळदा भोगवटादाराच्या रकान्यात न लावता इतर हक्कात टाकलेली असतात. त्यांचा हक्क त्यामुळे कमी होत नाही.

नावापुढची अक्षरं. 'ए.कु.मॅ.' म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. अशा नोंदीत दिसणारा माणूस एकटा मालक नसतो. भाऊ, त्यांची मुलं, बहिणी यांचा हिस्सा त्या एका नावामागे असतो. 'अ.पा.क.' म्हणजे अज्ञान पालक कर्ता: मालक नोंदीच्या वेळी लहान होता. तो आज मोठा झाला असेल, तर पालकाची सही चालणार नाही, त्याचीच लागेल.

शेवटी प्रलंबित फेरफार. नव्या नमुन्यातल्या सातबाऱ्यावर तो दिसतो. काही प्रलंबित असेल तर निकाल लागेपर्यंत हात आखडता घ्या.

पायरी 2: फेरफार उलटे वाचत मागे जा

सर्वांत जास्त वेळ द्यायचा तो या पायरीला.

सातबाऱ्यावर प्रत्येक नावाशेजारी फेरफार क्रमांक असतो. फेरफार म्हणजे गाव नमुना 6 मधली नोंद: कुठल्या कारणाने, कुठल्या दस्ताच्या किंवा वारसाच्या आधारे नाव बदललं. शेवटच्या फेरफारापासून एकेक मागे जायचं, निदान 30 वर्षं, शक्य असेल तर सातबारा जिथपासून सापडतो तिथपर्यंत. जुने हस्तलिखित सातबारे आणि फेरफार तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात नक्कल मागून मिळतात. काही जिल्ह्यांचे स्कॅन ऑनलाइनही आहेत.

एक उदाहरण घेऊ, म्हणजे वाचायचं कसं ते कळेल. समजा वडील 1987 मध्ये वारले. वारस फेरफारात तीन मुलांची नावं लागली. 1996 मध्ये आणखी एक फेरफार, 'आपसातील वाटणी', आणि जमीन थोरल्याच्या एकट्याच्या नावावर. आज थोरल्याचा मुलगा तुम्हाला प्लॉट विकतोय, सातबारा स्वच्छ, एकच नाव. विचारायचे प्रश्न असे: वडिलांना मुली किती होत्या? 1987 च्या नोंदीत आई आणि मुलींची नावं का नाहीत? 1996 ची वाटणी कशाच्या आधारे झाली, नोंदणीकृत वाटणीपत्र आहे, तहसीलदारांचा महसूल संहितेच्या कलम 85 खालचा आदेश आहे, की नुसता जबाब आहे? धाकट्या दोघांनी हिस्सा सोडला असेल तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र कुठे आहे?

मुलींचा मुद्दा 'त्या काही मागणार नाहीत' म्हणून उडवून लावला जातो. हिंदू उत्तराधिकार अधिनियम 1956 पासूनच वडिलांच्या स्वतःच्या हिश्श्यात मुलगी वारस आहे. 9 सप्टेंबर 2005 पासून वडिलोपार्जित मिळकतीत ती जन्माने मुलाच्या बरोबरीची झाली, आणि त्यासाठी त्या तारखेला वडील हयात असायला हवेत असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये विनीता शर्मा प्रकरणात सांगितलं. 20 डिसेंबर 2004 पूर्वी झालेल्या विक्रीला आणि नोंदणीकृत वाटणीला 2005 च्या दुरुस्तीने धक्का लागत नाही, म्हणून फेरफारातल्या तारखा इतक्या बारकाईने बघायच्या. बहीण आज मागत नसेल. जमिनीला रस्ता लागला आणि भाव चौपट झाला की तिची मुलं मागतात, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही.

फेरफाराच्या तळाशी मंडळ अधिकाऱ्याचा (लोक अजून सर्कलच म्हणतात) शेरा वाचा. 'प्रमाणित' की 'रद्द'? हरकत आली होती का? नुसती तलाठ्याने, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याने, धरलेली नोंद प्रमाणित झाल्याशिवाय पक्की नसते, आणि प्रमाणित झालेल्या नोंदीविरुद्धही प्रांताकडे अपील होतं.

एकत्रीकरण योजनेत सर्व्हे नंबरांचे गट नंबर झाले, तिथेही एक सांधा असतो. जुना सर्व्हे नंबर आणि आजचा गट एकच आहे ना, क्षेत्र जुळतं ना, हे भूमी अभिलेख कार्यालयातल्या आकारबंदाशी (गटवार क्षेत्र आणि आकार लिहिलेल्या नोंदवहीशी) ताडून बघा. सातबारा आणि आकारबंद यांच्या क्षेत्रात फरक असेल तर तो विकणाऱ्याकडून आधी दुरुस्त करून घ्या.

पायरी 3: मालक खरा असला तरी त्याला ही जमीन विकता येते का

मालक अस्सल, वारस एकमताने तयार, तरी व्यवहार बेकायदा, असंही होतं.

आदिवासी खातेदाराची जमीन बिगर आदिवासीला घ्यायची तर जमीन महसूल संहितेच्या कलम 36 आणि 36अ प्रमाणे पूर्वपरवानगी लागते. ती नसेल तर जमीन मूळ मालकाकडे परत जाते, आणि तुमचे पैसे हा तुमचा प्रश्न उरतो. देवस्थान इनाम विक्रीचं नसतं. महार वतन आणि इतर इनामांच्या जमिनींना आपापल्या अटी आहेत. गायरान विकायचा अधिकार ग्रामपंचायतीलाही नाही, मग सरपंचाच्या सहीचा कागद असला म्हणून काय झालं?

कुळकायद्याने मिळालेली जमीन असेल तर 32म चं (कुळाने जमीन विकत घेतल्याचं) प्रमाणपत्र कधी मिळालं ते बघा. त्याला दहा वर्षं झाली असतील तर आकाराच्या (शेतसाऱ्याच्या) चाळीस पट नजराणा भरून विकण्याची सोय आहे. झाली नसतील तर कलम 43 ची परवानगी लागते.

शेतजमीन घेणारा स्वतः शेतकरी हवा. कुळकायद्याच्या कलम 63 प्रमाणे शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही, आणि असा व्यवहार उघडकीस आला तर जमीन सरकारजमा होण्यापर्यंत पाळी येऊ शकते. परदेशात राहणाऱ्या मराठी मंडळींनी हेही ध्यानात ठेवावं की अनिवासी भारतीयांना शेतजमीन किंवा फार्महाऊस विकत घेता येत नाही. वारसाने मिळाली तर ठेवता येते. भावाच्या नावावर घेऊन ठेवायचा सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. त्यात जमीन भावाचीच होते.

मग तुकडेबंदी. 1947 च्या कायद्याने प्रमाणभूत क्षेत्रापेक्षा लहान तुकडा विकता येत नाही. 2023 मध्ये बहुतेक जिल्ह्यांसाठी हे क्षेत्र बागायतीला 10 गुंठे आणि जिरायतीला 20 गुंठे असं ठरवलं गेलं. म्हणूनच गुंठा-दोन गुंठ्यांचं खरेदीखत होत नाही आणि गाडी बाँडवर येते, किंवा दहा अनोळखी लोक एकत्र येऊन दहा गुंठ्यांचं एक खरेदीखत करतात. या दुसऱ्या प्रकारात सातबारा सामाईक राहतो. तुमचं नाव लागतं, पण तुमचा गुंठा नेमका कोपऱ्यातला की ओढ्याकाठचा, हे कुठल्याच सरकारी नकाशावर नसतं. उद्या बँकेचं कर्ज किंवा बांधकाम परवानगी हवी असेल तर इतर नऊ जणांच्या दारात जावं लागतं.

गुंठेवारी (मंजुरीशिवाय गुंठ्यागुंठ्याने पाडलेले प्लॉट) नियमित करण्यासाठी 2001 चा कायदा आहे, आणि 2021 च्या दुरुस्तीने त्याची मुदत 31 डिसेंबर 2020 पर्यंतच्या बांधकामांपर्यंत वाढवली. तुकडेबंदीतही शहरी भागासाठी अलीकडे सवलती आल्या आहेत. पण 'आता तुकडेबंदी उठली' हे एजंटचं वाक्य त्या विशिष्ट गटाला लागू आहे का, ते तहसील कार्यालयात जाऊन विचारा. आज भूखंड विकणाऱ्याकडे बिनशेती (एनए) आदेश आणि मंजूर रेखांकन दोन्ही मागा. 'एनए होणार आहे' आणि 'एनए झालं आहे' यांच्यात तुमची सगळी बचत अडकू शकते. विकास आराखड्यात किंवा प्रादेशिक योजनेत जागा कशात पडते, रस्त्यात की बागेच्या आरक्षणात, यासाठी झोन दाखला काढा.

पायरी 4: नोंदणी कार्यालयातला शोध

नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्च आहे; गट नंबर टाकून सूची 2 (नोंदवलेल्या दस्ताचा गोषवारा) बघता येते. याच जागेचं साठेखत आणखी कुणाला करून दिलं आहे का, गहाणाची नोंद आहे का, हे इथे कळतं. संगणकीकरणापूर्वीचे दस्त कार्यालयातल्या वह्यांत शोधावे लागतात, आणि ते काम वकिलाकडून करून घेणं बरं. 30 वर्षांचा शोध अहवाल हातात आला की 'काही पाने फाटलेली असल्याने शोध घेता आला नाही' हे वाक्य कुठल्या वर्षांबद्दल आहे ते बघा. नेमक्या त्याच वर्षांत एखादा संशयास्पद फेरफार असेल तर त्या दस्ताची प्रत विकणाऱ्याकडून मागा.

वकील तुमचा हवा. 'आमच्या सगळ्या प्लॉटचं काम हेच वकीलसाहेब बघतात' या वाक्याला हसून नाही म्हणा.

ई-कोर्ट्सवर पक्षकारांच्या नावाने दिवाणी दावे शोधा. दावा चालू असताना घेतलेली जागा दाव्याच्या निकालाला बांधील असते. मग स्थानिक खपाच्या वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्या, पंधरा दिवसांत हरकती मागवणारी. त्या गावात कोणीच वाचत नाही असं वर्तमानपत्र एजंट सुचवेल. तुम्ही गावातल्या टपरीवर असतं ते निवडा.

मूळ दस्त डोळ्यांनी बघा, झेरॉक्सवर भागवू नका. मूळ खरेदीखत 'घरी सापडत नाही' म्हणजे पुष्कळदा ते बँकेत किंवा सावकाराकडे असतं.

पायरी 5: जागेवर

कागद एका जमिनीचे आणि दाखवली दुसरीच, हा प्रकार माळरानावर सहज होतो. भूमी अभिलेख खात्याकडून हद्द कायम मोजणी करून घ्या, आणि मोजणीचा नकाशा, ज्याला क-प्रत म्हणतात, तो कागदांत ठेवा. मोजणीला लगतच्या खातेदारांना नोटीस जाते. बांधावरचं भांडण असेल तर त्याच दिवशी ऐकू येतं.

रस्ता नकाशात आहे की शेजाऱ्याच्या मर्जीवर, तेही बघा. कसतं कोण, राहतं कोण, गोठा कुणाचा? शेजाऱ्यांशी चहा प्या. बहिणी कुठे दिल्या, भावांचं का फाटलं, हे फेरफारात नसतं.

पायरी 6: सह्या, पैसे, दस्त

सगळ्या सहहिस्सेदारांच्या सह्या दस्तावर हव्यात. बहिणींना संमती देणार म्हणून घ्या किंवा आधी हक्कसोडपत्र नोंदवून घ्या. अज्ञानाच्या स्वतःच्या मिळकतीला न्यायालयाची परवानगी लागते.

मुखत्यार विकत असेल तर मुखत्यारपत्र नोंदणीकृत आहे का, त्यात विक्रीचा आणि किंमत स्वीकारण्याचा अधिकार स्पष्ट दिला आहे का, आणि देणारा आज हयात आहे का, हे बघा. देणाऱ्याच्या मृत्यूबरोबर साधं मुखत्यारपत्र संपतं. त्याच्याशी स्वतः बोला, व्हिडिओ कॉलवर का होईना.

पैसे बँकेतून द्या. स्थावराच्या व्यवहारात 20,000 रुपये किंवा त्याहून जास्त रोख घेणाऱ्याला आयकर कायद्याने तेवढाच दंड होऊ शकतो. तुमच्या बाजूने बघितलं तर रोख दिलेली रक्कम दस्तात येत नाही, आणि व्यवहार फिसकटला तर ती परत मागायला पुरावाही राहत नाही. किंमत 50 लाख किंवा जास्त असेल तर (ग्रामीण शेतजमीन सोडून) 1 टक्का कर कापून भरायची जबाबदारी घेणाऱ्याची. विकणारा अनिवासी असेल तर नियम वेगळे आणि कपात बरीच जास्त, तेव्हा सीएला विचारा.

साठेखत करायचंच असेल तर नोंदवूनच करा. सहीनंतर चार महिन्यांच्या आत दस्त नोंदणीला सादर करावा लागतो. खरेदीखत झाल्यावर माहिती ई-फेरफारमधून आपोआप तलाठ्याकडे जाते, पण नोंद प्रमाणित होऊन सातबाऱ्यावर नाव आलं का, हे स्वतः बघत राहा.

फ्लॅट, गावठाण, गोवा

500 चौरस मीटरपेक्षा मोठी जागा किंवा आठपेक्षा जास्त सदनिका असतील तर प्रकल्पाची महारेरा नोंदणी लागते, आणि करार नोंदवल्याशिवाय बिल्डरला 10 टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. पण नोंदणी क्रमांक बघून थांबू नका. कल्याण-डोंबिवलीत बनावट बांधकाम परवानग्या दाखवून महारेरा नोंदणी मिळवलेल्या 65 इमारती निघाल्या, आणि नोव्हेंबर 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या पाडायला सांगितलं. राहणाऱ्यांकडे नोंदवलेले करार होते, कर्जाचे हप्ते चालू होते. म्हणून बांधकाम परवानगीचा क्रमांक घेऊन थेट महापालिकेच्या नगररचना विभागात विचारा, आणि जुना फ्लॅट घेताना भोगवटा प्रमाणपत्र बघा.

गावठाणात सातबारा नसतो. स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी होऊन मिळकत पत्रिका तयार झाली असेल तर ती बघा, शहरात नगर भूमापनाची. गोव्यात सातबाऱ्याच्या जागी फॉर्म एक व चौदा असतो, आणि तिथल्या नागरी कायद्यामुळे विकणाऱ्याच्या पत्नीची किंवा पतीची सही लागते. जमीन कोमुनिदादची (गावाच्या सामूहिक संस्थेची) नाही ना, तेही तपासा.

बाँडवर आधीच घेतलं असेल तर

पहिलं काम, विकणारा हयात आहे तोवर खरेदीखतासाठी मागे लागा. तो गेला की त्याचे पाच वारस, आणि प्रत्येकाची वेगळी किंमत. तुकडेबंदी किंवा गुंठेवारीमुळे अडलं असेल तर नियमितीकरणासाठी अर्ज करून पोच घ्या.

तो टाळाटाळ करत असेल तर वकिलाची नोटीस पाठवा. नोंद न झालेला करारही करारपूर्तीच्या दाव्यात पुरावा म्हणून दाखल करता येतो. नोंदणी अधिनियमाच्या कलम 49 मध्ये तशी तरतूद आहे. मात्र मुदत तीन वर्षांची: करारात तारीख ठरली असेल तर त्या तारखेपासून, नसेल तर त्याने नकार दिल्याचं कळल्यापासून. कमी भरलेलं मुद्रांक शुल्क दंडासह भरावं लागेल, त्याची तयारी ठेवा. मूळ बाँड, बँकेचे उतारे, व्हॉट्सअॅपवरचं बोलणं, ताब्याचे फोटो, घरपट्टीच्या पावत्या एकत्र ठेवा. एकच जागा दोघांना विकली असेल किंवा कागद बनावट असतील तर फसवणुकीची तक्रार द्या. पोलिस 'दिवाणी बाब आहे' म्हणतील, म्हणून तक्रार लेखी द्या, पोच घ्या, आणि दुसऱ्या खरेदीदाराच्या सूची 2 ची प्रत सोबत जोडा.